लुर्जावरचा आळ

एतेर आली तेव्हा पिक्रिया अंगणात चेरीच्या बिया काढत बसली होती. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"बस, हात धुऊन येते."

"राहू दे ते. वेळ नाही." एतेर उभीच राहिली. डोक्याला काळा रुमाल, अंगात काळा झगा, बुटांवर घाटातली पांढरी धूळ. "लागाझाला मातीत ठेवून आठवडा झाला. सगळं गाव म्हणतं, त्याला त्याच्याच घोड्यानं मारलं. परवा सण आहे. सण सुरू व्हायच्या आधी लुर्जाला गोळी घालायचं ठरलंय."

पिक्रियाने हातातली चेरी परातीत टाकली. तेलावी शहराच्या पोलिसांत, गुन्हे शाखेत, तिची निम्मी हयात गेली होती. नोकरी सोडून ती डोंगराच्या पायथ्याशी, अलवानीला घरी आली, पण लोकांनी तिला सोडलं नाही. डोंगरावरच्या गावांतून माणसं हरवलेल्या मेंढ्यांपासून खोट्या मृत्युपत्रांपर्यंत काहीही घेऊन तिच्या अंगणात यायची.

"तुझं काय म्हणणं?"

"लुर्जा असं करणार नाही."

"घोडा बिथरतो, एतेर. कितीही गुणी असला तरी."

"बिथरतो. बिथरला तर पळतो. हा पळाला नाही. लागाझापाशी उभा होता." तिचा आवाज चढला. "आमच्या तूशेतीच्या डोंगरातले अस्सल घोडे राहिलेत किती? आणि आमच्या दरीत पैदाशीचा अस्सल नर हा एकच. तो गेला की पाहुणेघरवाल्या वाजाच्या त्या लांब टांगांच्या घोड्यांची शिंगरं उरतील. बर्फात गुडघे मोडून बसणारी."

"तुला घोडा वाचवायचाय, की नवरा कसा गेला ते हवंय?"

"दोन्हीचं उत्तर एकच असणार, असं मला वाटतं."

पिक्रिया उठली. अंगणाच्या कडेला एक डेलिका गाडी उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते.

"झौर! गाडी चालते का?"

"चालते, वहिनी," गाडीखालून तिच्या धाकट्या दिराचा आवाज आला. "थांबते की नाही, ते बघतोय."

"ते घाटात बघू. चल."

आबानोच्या घाटात झौर गप्प बसत नसे. गप्प बसलं की खालची दरी दिसते, असं तो म्हणे. एका वळणावर त्याने बोट दाखवलं.

"ही जागा! लागाझाकाका गेले त्या दुपारी त्यांचा पुतण्या बेखो इथं टायर काढून बसला होता. गाडीत पाहुणे. मी थांबलो. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं त्या एका नटाशी झटत होतो. गावात पोचलो तर ही बातमी. पोराला रडूच फुटलं. सख्खा काका शेवटी."

"लागाझाचं आणि बेखोचं भांडण होतं ना?" पिक्रियाने मागे वळून एतेरला विचारलं.

"भांडण कसलं! बेखो वाजाच्या पाहुणेघरात कामाला. पाहुण्यांना दाखवायला लुर्जाचा व्हिडिओ काढू द्या म्हणून मागे लागला होता. वाजाही लागला होता. लागाझा म्हणाला, घोडा म्हणजे सर्कस नाही. वाजाशी मात्र वसंतात जोरात वाजलं होतं. त्याचा घोडा आमच्या माद्यांत शिरला म्हणून."

"लागाझाला शेवटचं तू न्हाऊ घातलंस?"

"मीच." एतेर खिडकीबाहेर बघू लागली. "डोकं मागून फुटलेलं. डाव्या हाताच्या मागच्या बाजूवर बारीक चिरा, शेजारी शेजारी, कंगव्यानं ओढल्यासारख्या. गावातले म्हणाले, झुडपानं ओरबाडलं असेल. आणि मुठीत गवत. इतकं घट्ट धरलं होतं की मला एकेक बोट उघडावं लागलं."

पिक्रियाने स्वतःचा डावा हात उलटा करून पाहिला.

नाकुर्ता हे गाव दरीच्या तळाशी आहे. दगडी घरं, दगडी बुरूज, वर एका टेकाडावर देवस्थान. देवस्थानाच्या हद्दीत बायकांनी जायचं नाही. तिथे पुरुष मोठ्या कढईत सणाची बिअर उकळत होते. एतेरच्या घरामागे लुर्जा दोराने बांधलेला होता. निळसर करड्या रंगाचा, बुटका, रुंद छातीचा.

झौरने गाडी बंद केली तसा तिने बंदुकीसारखा बार काढला. शेजारच्या कोंबड्या छपरावर गेल्या. लुर्जाने कान हलवला आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

"बहिरा आहे का हा?" झौरने विचारलं.

"तुझी गाडी त्याच्या ओळखीची आहे," एतेर म्हणाली.

पिक्रियाने घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. आयाळीत कुसळं होती, वाळलेलं गवत होतं आणि केसांच्या गुंत्यात काहीतरी टोकदार अडकलं होतं. तिने ते सोडवून काढलं. काळ्या प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा, पातळ, किंचित वळलेला, एक कड सुरीसारखी धारदार.

"कंगव्याचा दात असेल," झौर म्हणाला.

"असेल," म्हणून पिक्रियाने तो रुमालात बांधला.

वाजाचं पाहुणेघर गावातलं सगळ्यात मोठं घर होतं. यंदाचा शुल्ता, म्हणजे सणाचा यजमान, तोच होता. पन्नाशीचा, भारदस्त, बोलायला मऊ. त्याने पिक्रियाला सज्जात बसवलं आणि पुढे चीज भरलेली गरम पोळी, कोतोरी, ठेवली. भिंतीवर अख्ख्या नाकुर्ताचा मोठा फोटो लावला होता. छपरं, बुरूज, नदी, सगळं वरून घेतलेलं.

"सुरेख आहे," पिक्रिया म्हणाली.

"बेखोची करामत. पाहुण्यांना आवडतं." वाजाने उसासा टाकला. "एतेरचं दुःख मला कळतं हो. लागाझाशी माझे खटके उडायचे, नाही म्हणत नाही. पण माणूस सोन्यासारखा होता."

"तुम्ही पाहिलंत म्हणे."

"इथूनच." त्याने समोर बोट केलं. दरीपलीकडे, सज्जाच्या बरीच वर, डोंगराच्या अंगावरून एक पायवाट कुरणाकडून खाली उतरत होती. "दुर्बीण घेऊन बसलो होतो. पाहुण्यांची गाडी येते का, ते बघत होतो. लागाझा त्या वळणावर आला. त्यानं टोपी काढली, घाम पुसला. टकलावर ऊन असं चकाकलं की मला हसू आलं. आणि पुढच्याच क्षणाला लुर्जा मागच्या पायांवर उभा! लागाझा गेला कडेवरून. मग खडक आड आला. मला पुढचं दिसलं नाही."

"घोड्यानं त्याला पाडलं?"

"घोडा उभा राहिला आणि माणूस पडला. मी जेवढं पाहिलं तेवढंच सांगतो."

"तुम्ही गेला नाहीत तिकडे?"

वाजाने ताटातला तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "वाटलं, सावरला असेल. त्या वाटेनं जन्म काढलेला माणूस. तेच मला खातंय आता. संध्याकाळी इमेदा त्याला घेऊन आला, तेव्हा मी हे सगळ्यांना सांगितलं."

"आणि गोळी घालायचं कुणी ठरवलं?"

"अब्रामीबाबांनी. देवस्थानाचे पुजारी आहेत ते. ज्या घोड्यानं धन्याला मारलं त्याची पिल्लावळ दरीत नको, असं जुन्या लोकांचं म्हणणं. मी म्हटलं, ठीक आहे. मी कोण नाही म्हणणारा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एतेर भाकरी भाजत होती आणि झौर अंगणातल्या खांबाला आरसा टांगून, गालाला फेस न लावता, बॅटरीवरच्या नव्या यंत्राने दाढी करायला उभा होता. त्याने बटण दाबलं. यंत्र मधमाशीसारखं गुणगुणू लागलं.

घरामागे धाडकन आवाज झाला. लुर्जा मागच्या पायांवर उभा होता. डोळे पांढरे, दोर ताणलेला, दावणीचा खुंटा अर्धा उपटलेला. एतेर हातातलं उलथणं टाकून धावली.

"बंद कर!" पिक्रिया ओरडली.

झौरने यंत्र बंद केलं. घोडा धापा टाकत खाली आला. त्याच्या अंगाला घाम सुटला होता.

"माझं थोबाड बघून बिथरला," झौर हनुवटी चाचपडत म्हणाला. त्याचा एकच गाल तासलेला होता.

"एतेर, असं कधी केलं होतं यानं?"

"कधीच नाही! लांडग्यांवर बंदुका चालल्या तरी हा चरत असतो."

पिक्रियाने घोडा पूर्ण शांत होईपर्यंत वाट पाहिली. मग ती झौरला म्हणाली, "आज दाढी अर्धीच राहू दे. आपल्याला वर जायचंय."

ती एतेरच्या घोडीवर बसली. झौरचा घोड्यांवर विश्वास नव्हता. ज्याला ब्रेक नाही त्यावर मी बसत नाही, असं त्याचं तत्त्व होतं. तो धापा टाकत मागून चढत राहिला. वळणावर पिक्रिया थांबली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतार. खाली दगड आणि गवत. दगडांवरचा काळपट डाग अजून पुसला गेला नव्हता. त्या डागापासून वाटेच्या दिशेने गवत एका पट्ट्यात झोपलेलं होतं, मुळांसकट उपटलेलं.

"काय वैताग आहे," झौर इकडेतिकडे बघत म्हणाला. "आडोशाला जायचं म्हटलं तर या डोंगरावर एक झुडूप नाही."

"एकही नाही," पिक्रिया म्हणाली. "नीट बघून ठेव."

वर कुरणात इमेदा मेंढ्या राखत होता. राकट, दाढीवाला. त्याच्या कुत्र्याने काही वर्षांपूर्वी लागाझाचं एक शिंगरू फाडलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

"मी मारलं का विचारायला आलीस?" त्याने सुरुवातीलाच विचारलं.

"तुम्ही काय पाहिलंत, ते विचारायला आले."

"पहिलीच बाई तू. एवढ्या दिवसांत कुणी विचारलं नाही." तो दगडावर बसला. "दिवस मावळता मावळता मेंढ्या उतरवत होतो. वळणाखाली लुर्जा उभा. म्हटलं, एकटा कसा? जाऊन बघतो तर हा त्याच्या पायाशी. घोडा रक्तात उभा होता, म्हणून खुरांना रक्त. त्यावरून गावानं ठरवलं की त्यानं तुडवलं."

"अंग गरम होतं?"

इमेदाने मान डोलावली. "हो. फार वेळ झाला नव्हता जाऊन." त्याने काठी गुडघ्यांवर आडवी घेतली. "आमचं बोलणं नव्हतं. पण तिथं टाकून येणार होय? लुर्जाच्या पाठीवर आडवा घातला. काय सांगू, तो घोडा अंडी वाहून नेल्यासारखा उतरला."

"खोगीर होतं घोड्यावर?"

"होतं. मीच काढलं. रिकिबी उलटून खोगिरावर टाकलेल्या होत्या, म्हणून पटकन निघालं."

"त्या दुपारी आणखी काही?"

"काही नाही. कुत्री तेवढी वेड्यासारखी वर बघून भुंकत होती. मेंढ्या दाटून एकत्र आल्या, गरुड घिरट्या घालायला लागला की येतात तशा. मी एका मेंढीचं खूर साफ करत होतो. मान वर केली नाही."

परत निघताना कुरणाचा सपाट भाग संपला तशी पिक्रिया घोडीवरून उतरली, पाय अडकवायच्या दोन्ही रिकिबी उचलून तिने खोगिरावर आडव्या टाकल्या आणि लगाम धरून पुढे चालू लागली.

"अहो, घोडी आहे ना? मग बसा की!" झौर म्हणाला.

"उतारावर?" पिक्रियाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी चर्चमध्ये शिट्टी वाजवणाऱ्याकडे पाहतं. "घोड्याचे खांदे मोडायचेत का मला? मोटारीत वाढलास तू."

वळणाशी ती थांबली. "तू इथंच थांब. मी खाली वाजाच्या सज्जात गेले की हात करते. मग टोपी काढ आणि घाम पुस."

"एवढंच?"

"एवढंच. उगाच नाचू नकोस."

सज्जात बेखो टेबलं मांडत होता. विशीतला, डोळे सुजलेले. वाजा देवस्थानापाशी बिअरच्या कढईवर होता. पिक्रियाने दुर्बीण मागितली आणि डोळ्यांना लावून हात केला. दूर वर झौरने टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा पुसलं.

ती बराच वेळ बघत राहिली. "बेखो, तुझी नजर तरुण आहे. सांग, काय दिसतंय?"

बेखोने दुर्बीण घेतली. "झौरदादा. हनुवटी, नाक. एका गालावर दाढी आहे, एकावर नाही. असं का?"

"ती वेगळी गोष्ट आहे. यंदा सणाचा व्हिडिओ काढणार ना तू?"

बेखोचा चेहरा उतरला. "कुठला! ड्रोन नादुरुस्त आहे म्हणे. वाजाकाकांनी तिबिलिसीला पाठवलाय. काका गेले त्या दिवशी मी पाहुण्यांना आणायला गेलो, तेव्हा चांगला होता. त्यांनीच सकाळी चार्ज करायला सांगितला होता."

"त्यांना चालवता येतो?"

"मीच शिकवलं." त्याने दुर्बीण खाली ठेवली. "काकू माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं, मी वाजाकाकांच्या बाजूचा आहे. लुर्जाला मारणार आहेत हे मला तरी आवडेल का? मी त्याच्या पाठीवर बसायला शिकलो."

"ड्रोनच्या सुट्या पात्या असतील तुझ्याकडे?"

"आहेत. पाकीटच आहे."

"उद्या सकाळी खिशात घालून ये. आणि तोपर्यंत कुणाला सांगू नकोस."

सणाची सकाळ स्वच्छ उजाडली. देवस्थानाच्या टेकाडाखाली सपाट मैदान होतं. त्याच्या वरच्या कडेला हद्दीचे दगड. दगडांच्या अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. म्हातारे अब्रामीबाबा बंदूक घेऊन खाली आले होते. एतेरने लुर्जाचा दोर स्वतःच्या मनगटाला गुंडाळला होता.

"सोड, मुली," अब्रामीबाबा म्हणाले. "मलाही हे सोपं नाही."

"बाबा, आधी दोन शब्द बोलू द्या," पिक्रिया म्हणाली. "मी तुमच्या हद्दीत येत नाही. तुम्ही सगळे जरा अलीकडे या."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. पुरुष दगड ओलांडून आले. वाजाच्या हातात बिअर ढवळायचं लांब लाकडी फावडं तसंच होतं.

"या घोड्यानं धन्याला पाठीवरून फेकलं, असं गाव म्हणतं," पिक्रियाने सुरुवात केली. "तुम्ही सगळे घोडेवाले. मला सांगा, त्या वाटेनं खाली उतरताना तुमच्यापैकी कोण घोड्यावर बसतं?"

मागून एक जण म्हणाला, "छे!"

"मग लागाझा बसेल? इमेदा, खोगिराचं सांगा."

इमेदाने घसा खाकरला. "रिकिबी वर टाकलेल्या होत्या."

गर्दीत कुजबुज झाली. अब्रामीबाबांनी बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवला. "हे तू आधी का नाही बोललास?"

"विचारलं कुणी?"

"म्हणजे लागाझा पायी होता, घोड्याच्या पुढे," पिक्रिया म्हणाली. "जो पाठीवर नाहीच त्याला घोडा फेकणार कसा? पण घोडा उभा राहिला, हे खरं आहे. तेवढ्यापुरतं वाजा खोटं बोलले नाहीत. मी त्यांना सरळ विचारलं, घोड्यानं पाडलं का? ते म्हणाले, घोडा उभा राहिला आणि माणूस पडला. पाडलं असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ते तुम्ही म्हणालात, आणि त्यांनी म्हणू दिलं."

वाजाने फावडं या हातातून त्या हातात घेतलं. "मी पाहिलं तेवढंच बोललो."

"हो. पण कुठून पाहिलंत? तुम्ही म्हणालात, लागाझानं टोपी काढली आणि टकलावर ऊन चकाकलं. तुमचा सज्जा दरीच्या तळाशी आहे. वाट कितीतरी वर. काल मी या झौरला तिथं उभा केला. त्याचं टक्कल लागाझाच्या टकलापेक्षा मोठं आहे."

"वहिनी!" झौर म्हणाला. दोन-चार जण हसले.

"सज्जातून त्याची हनुवटी दिसते, नाक दिसतं. टाळू दिसत नाही. बेखोनंही पाहिलंय. वर उभ्या माणसाची टाळू खालून दिसत नसते. ती दिसते फक्त त्याच्याही वरून."

"वर काय आहे?" अब्रामीबाबांनी विचारलं. "वर आभाळ आहे."

"त्या दुपारी इमेदाची कुत्री आभाळाकडेच बघून भुंकत होती. मेंढ्या गरुड आल्यासारख्या दाटल्या. लागाझाच्या हातावर शेजारी शेजारी बारीक चिरा होत्या. झुडपाच्या म्हणालात, पण त्या डोंगरावर एक झुडूप नाही. हात डोक्यावर उचलला की पाठचीच बाजू पुढे येते. आणि हा लुर्जा, बंदुकीच्या बाराला कान हलवत नाही, पण काल झौरच्या दाढीच्या यंत्राची गुणगुण ऐकून खुंटा उपटायला निघाला. आभाळातून येणारी, गुणगुणणारी, चिरणारी वस्तू. नाकुर्तात अशी एकच आहे."

सगळ्यांच्या नजरा बेखोकडे वळल्या. पोरगा पांढरा पडला.

"नाही," पिक्रिया म्हणाली. "बेखो त्या दुपारी घाटात टायर बदलत होता. झौर अंधार पडेपर्यंत त्याच्याबरोबर होता. बेखो, पाकीट दे."

तिने रुमाल सोडला. लुर्जाच्या आयाळीत सापडलेला काळा तुकडा तिने एका नव्या पातीच्या टोकावर ठेवला. बाक जुळला, धार जुळली, जाडी जुळली. अब्रामीबाबांनी पाती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"ज्या दिवशी सकाळी तो ड्रोन चांगला होता, त्याच दिवशी संध्याकाळी तो नादुरुस्त झाला. इथं तो चालवता येणारी माणसं दोन. एक घाटात होता." ती वाजाकडे वळली. "लागाझानं व्हिडिओ काढू दिला नाही, म्हणून तुम्ही चोरून काढायला गेलात. मारायचं तुमच्या मनातही नव्हतं. तेवढंच असतं तर मी याला अपघात म्हटलं असतं."

वाजाच्या हातातलं फावडं गवतावर पडलं.

"जवळून हवा होता," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "लुर्जा चालतो कसा, ते पडद्यावर इतकं छान दिसत होतं. म्हटलं, आणखी थोडं खाली. लागाझानं टोपी काढून त्याला मारायला हात उचलला. पाती लागली. तो मागे सरला. मागे काही नव्हतंच."

"पण तो लगेच गेला नाही," पिक्रिया म्हणाली.

एतेरने झटकन मान वर केली.

"त्याच्या मुठीत गवत होतं, एतेर. दगडांपासून वाटेपर्यंत गवत मुळासकट उपटलेलं आहे. तो दुपारी पडला. इमेदाला तो दिवस मावळताना सापडला, तेव्हा अंग गरम होतं. तेवढा वेळ तो वर सरकायचा प्रयत्न करत होता. वाजांनी सज्जातून उठून एक हाक मारली असती, तर गाव धावलं असतं. हाक मारली असती, तर तिथं काय करत होतात हे सांगावं लागलं असतं. म्हणून ते बसून राहिले. आणि नंतर सगळा दोष अशा एकावर गेला, ज्याला बोलता येत नाही."

मग अब्रामीबाबांनी बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली. "हा यंदाचा शुल्ता नाही," ते गर्दीला म्हणाले. "कढईवर दुसरा कुणीतरी जा. बिअर करपेल."

"तेलावीला जावं लागेल, वाजा," पिक्रिया म्हणाली. "गाडी तयार आहे."

वाजाने मान डोलावली. तो झौरच्या मागून चालू लागला, तेवढ्यात एतेर आडवी आली. लुर्जाचा दोर तिच्या हातातच होता.

"तू पडद्यावर पाहिलंस ना? पडल्यानंतर?"

"एतेर, मला माफ..."

"ते देवाकडे माग. मला सांग, तू काय पाहिलंस? मी त्याच्याजवळ नव्हते. तू होतास."

"थोडाच वेळ पाहिलं. तो कुशीवर वळला होता. हात हलवत होता."

"मदत मागत होता?"

"मला आधी तसंच वाटलं. पण तो वर बघत नव्हता. लुर्जाकडे बघत होता. घरी जा, घरी जा, असं हातानं हाकलत होता. मोकळा घोडा घरी आला असता तर तू शोधायला निघाली असतीस." त्याने डोळे मिटले. "लुर्जा दोन पावलं जायचा आणि परत यायचा. मग मी ड्रोन मागे घेतला."

एतेर हुंदका न देता रडली. रडणं संपेपर्यंत कुणी तिच्याजवळ गेलं नाही. मग तिने रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं आणि बेखोला जवळ बोलावलं.

"चल. घोड्या वर कुरणात आहेत. याला त्यांच्यात सोडायचा हंगाम चाललाय आणि आठवडा फुकट गेलाय."

"मी येऊ, काकू?"

"मग दोर कोण धरणार? माझे गुडघे दुखतात."

बेखोने दोर घेतला. चढण सुरू झाली तशी एतेर लुर्जाच्या पाठीवर बसली, आणि तो तिला घेऊन निघाला.